मालकाच्या पायाखालची माती

५ फेब्रुवारी, गुरुवार

कबूल करतो. ही वही एक जानेवारीला सुरू करायची होती. एक तारखेला पेन नव्हतं. दोनला पेन मिळालं, पण दोन तारखेपासून डायरी कोण सुरू करतं? मग ठरवलं, सोमवारपासून. असे चार-पाच सोमवार गेले. मधल्या काळात वहीच्या मागच्या पानांवर क्रेनची चित्रं काढली. त्यातली दोन बरी आलीत.

पण आज लिहायलाच हवं. आज ऑफिसात (सध्या माती तपासणाऱ्यांकडे आहे) मॅडम म्हणाल्या, सोमवारपासून नवीन साइट. पेट्रोल पंप. जमिनीखालचे जुने पाइप काढून नवे टाकतायत, त्याआधी पाइपाखालची माती तपासायची, पेट्रोल झिरपलंय का ते बघायला. मी म्हटलं, कुठला पंप? त्यांनी पत्ता सांगितला.

तोच पंप!!

दोन वर्षं ज्या दिवसाची वाट बघत होतो तो स्वतःच्या पायांनी चालत आला. (मधली दीड वर्षं विसरलो होतो, ते सोडा. कामं होती. बर्फाचा कारखाना, छापखाना, कोंबड्यांची गाडी, समुद्राकडचे ते तीन महिने.)

इतिहास लिहून ठेवतो, नाहीतर मीच विसरेन. त्या पंपावर मी सात महिने होतो. माझ्या सगळ्या नोकऱ्यांत हे रेकॉर्ड. रोज सकाळी टाकीत लांब काठी सोडून पेट्रोल किती उरलंय ते बघायचं आणि लिहायचं, ह्याला डिप घेणं म्हणतात, ते माझं काम. तर काठीवर रोज तीस-चाळीस लिटर कमी दिसायला लागलं. विकलं त्याहून जास्त गायब. मालकांनी आठवडाभर बघितलं आणि मग सगळ्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, एक तर तुला वाचता येत नाही, नाहीतर तू चोर आहेस.

मी म्हटलं, मला वाचता येतं.

इथे माझं चुकलं, असं आत्या म्हणते.

तिनेच शब्द टाकून मला तिथे चिकटवलं होतं. तेव्हापासून ती बाजारात जाताना पंपाचा रस्ता सोडून शाळेमागून वळसा घालते. गुडघे दुखतात तरी. आणि त्याच आठवड्यात तिने कपाटाला कुलूप लावलं. उंदीर झालेत म्हणाली. असतीलही उंदीर. मी विचारलं नाही.

आता सूड. मालकाच्या पायाखालची जमीन सरकवणार नाही, बरणीत भरून नेणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुडाचे नियम ठरवले. एक, साइट संपेपर्यंत एकही दांडी नाही. दोन, मॅडम सांगतील ते शब्दन् शब्द ऐकायचं. तीन

(तिसरा लिहिता लिहिता समोरच्या बांधकामावर मोठी क्रेन आली. तिचा आकडा एवढा मोठा असतो हे माहीत नव्हतं. दोन तास गेले. तिसरा नियम चांगला होता.)

८ फेब्रुवारी, रविवार

आरशासमोर प्रॅक्टिस. रिपोर्ट आल्यावर मालकाला काय बोलायचं ते. पहिला मसुदा फार लांब झाला, दाढीचा साबण वाळला. दुसऱ्यात फक्त तीन शब्द ठेवले: आता कोण चोर? म्हणताना डावी भुवई वर. उजवी जात नाही.

आत्याला सांगितलं की उद्यापासून त्या पंपावर काम आहे. ती शिवणयंत्रावर होती, ओठांत टाचण्या, त्यामुळे काही बोलली नाही. नंतर टाचण्या काढल्या. तरी बोलली नाही.

मी म्हटलं, ह्या वेळी मी त्यांना तपासायला जातोय, आत्या. उलटं झालंय. ती म्हणाली, डबा नेणार आहेस की तिथे मिळेल काहीतरी?

९ फेब्रुवारी, सोमवार

सहा वाजता उठलो!! (आत्याने उठवलं. पण उठलो मीच.)

आमची टीम: मॅडम, गिरमिटवाले काका आणि मी. काकांकडे मातीत फिरवून नमुना वर काढायचं मोठं हातगिरमिट आहे, बत्तीस वर्षं तेच करतायत. त्यांना जमिनीवर विश्वास नाही. चहासुद्धा उभ्याने पितात.

गाडीत काकांनी बरण्यांचे सगळे नियम समजावून सांगितले. नियम दोन पाळायचा म्हणून मी कान टवकारून ऐकत होतो. नेमका तेव्हा बाहेर एक माणूस सायकलवर आरसा घेऊन चालला होता, पुरुषभर उंचीचा, आणि आरशात आमचीच गाडी उलटी येताना दिसत होती. असं काही आयुष्यात एकदाच दिसतं. काकांचा शेवटचा भाग जरा निसटला. साक्षीदार असं काहीतरी म्हणत होते. आणि काहीतरी उघडायचं नाही. मुद्दा कळला.

पंप बंद. दोऱ्या लावल्यात. ब्रेकरने काँक्रीट फोडायचं काम दिवसभर. अकरा वाजता मालक आले. तेच पांढरे बूट. पेट्रोल पंपावर पांढरे बूट घालणारा माणूस आतून कसा असेल ते ओळखा.

मी भुवई तयार ठेवून समोर उभा राहिलो. त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, ए, ती दोरी जरा पलीकडे घे, माझी गाडी लागायचीय.

ओळखच दाखवली नाही! म्हणजे घाबरलाय. सात महिने ज्याला भिंगरी म्हणून हाका मारल्या त्याला कोण विसरतं? चेहरा असा कोरा ठेवायला किती ताकद लागत असेल. मनातून तंतरली असणार.

दोरी पलीकडे घेतली. पण सावकाश.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

पाइप उघडे पडले. तीन नंबरच्या मशीनखाली जिथे दोन पाइप जोडलेत, तिथली माती वेगळीच. बाकीकडे तांबूस, तिथे काळपट, चिकट, ओली. वास असा की डोकं गरगरलं. मॅडमनी वास मोजायचं यंत्र खाली धरलं, ते किंचाळायला लागलं. काका म्हणाले, जॉइंट रडतोय.

मॅडम खड्ड्यात उतरल्या, गंज खरवडून बघितला आणि म्हणाल्या, हे आजकालचं नाही. दोन-तीन वर्षं तरी झिरपतंय. मशीन चालू झालं की पाइपात दाब येतो, थेंब थेंब बाहेर. दिवसाला तीस-चाळीस लिटर तरी सहज.

मी तेव्हा खड्ड्यातच होतो, घमेलं घेऊन. खाली बसलो.

तीस-चाळीस लिटर.

म्हणजे माझी चोरी इथे पडली होती. दोन वर्षं, माझ्याच पायाखाली. मी वर उभा राहून काठी वाचत होतो, बरोबर वाचत होतो (महिन्यातून चार-पाच वेळा कंटाळा आला की कालचाच आकडा लिहायचो, ते वेगळं), आणि पेट्रोल खाली मातीत चाललं होतं.

मॅडमनी विचारलं, चक्कर आली का, वर जा. मी म्हटलं, वास.

मालक काठावर येऊन वाकले. म्हणाले, थोडा ओलावा दिसतोय, पंप म्हटलं की वास येणारच, नाही का मॅडम? मॅडम म्हणाल्या, वासावर काही ठरत नाही. लॅबचा कागद येईल तो खरा.

लॅबचा कागद! त्यावर शिक्का असणार. तो मोठा करून फ्रेम करणार. एक प्रत मालकाला, एक आत्याला, एक त्या गिऱ्हाइकाला, लाल गाडीवाला, जो तेव्हा ऐकून हसला होता. त्याचा पत्ता शोधावा लागेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

नमुने घेण्याचा दिवस. नियम कडक आहेत. हाताला तेल नाही, अंगाला सेंट नाही, सकाळपासून कुणी गाडीत पेट्रोल भरायचं नाही, दर बरणीला नवे हातमोजे. बरणी काठोकाठ भरायची, हवा राहता कामा नये. झाकण घट्ट, चिठ्ठी, आणि लगेच बर्फाच्या पेटीत. बरण्या तपकिरी काचेच्या, आतलं दिसत नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा सगळे नियम पाळले. सुडाने माणूस शिस्तीचा होतो. पाइपाच्या रेषेने ठरावीक अंतरावर आणि प्रत्येक मशीनखाली एक, काका गिरमिटाने काढणार, मी भरणार. अकरा बरण्या भरल्या. एकीलाही बोट लागलं नाही. काका म्हणाले, पोरा, तू नमुना आहेस असं वाटलं होतं, पण नमुने बरे भरतोस.

आणि मग मी मालकाचा डाव पकडला!!

सगळं झाल्यावर मॅडम आणि काका नकाशावर खुणा करत होते. मी पेटी तपासायला घेतली, कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. प्रत्येक बरणी हलवून बघत होतो, काठोकाठ आहे की नाही. अकराही गच्च. बारावी हलवली तर खुळखुळ! बारावी? वर काकांच्या अक्षरात चिठ्ठी: साक्षीदार.

साक्षीदार! म्हणजे सगळ्यात महत्त्वाची. कोर्टात जी बोलणार ती. उघडून बघतो तर काय, आत पांढरी स्वच्छ वाळू. कोरडी. वासाचं नाव नाही. अर्धीच भरलेली.

मग आठवलं. सकाळी मालक पेटीवर बसले होते. बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने. तेव्हाच खेळ केला. मुख्य साक्षीदार फोडला! पांढऱ्या बुटांना पांढरीच वाळू सुचणार.

आरडाओरडा केला नाही. मॅडमना सांगितलं असतं तर मालक सावध झाला असता. वाळू झुडपात ओतली, नवे मोजे घातले (नियम म्हणजे नियम), तीन नंबरच्या खड्ड्यात उतरलो आणि जॉइंटखालची सगळ्यात काळी, सगळ्यात घाण माती बरणीत ठासली. काठोकाठ. झाकण घट्ट. होती तिथे ठेवली.

आता बोल म्हणावं साक्षीदार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पेटी लॅबमध्ये पोचली. मॅडम म्हणाल्या, अकराच्या अकरा बरण्या छान भरल्यास, ऑफिसात तुझं पक्कं करायचं बोलते. बारा, असं तोंडावर आलं होतं. पण मोठ्या माणसांची मोजणी चुकली की लगेच दाखवू नये. नम्रपणे गप्प बसलो.

पक्कं! मला कोणी पक्कं केलं नव्हतं अजून. घ्यावं की नाही ते ठरवलं नाही. पुढच्या वर्षी बंदरावर क्रेन शिकायला जायचा विचार आहे.

संध्याकाळी आत्याला खड्ड्याची गोष्ट सांगितली. जॉइंट, थेंब, तीस-चाळीस लिटर. तिने यंत्र थांबवलं. म्हणाली, परत सांग. परत सांगितलं. मग बराच वेळ कापडाची घडी घालत बसली, घातलेली घडी मोडून परत. आणि विचारलं, कागद कधी येणार?

दोन वर्षांत त्या विषयावर तिने विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, शुक्रवारी, पुढच्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मालकाला घाई. पंप बंद राहून चालत नाही म्हणे. नवे पाइप बसले, चाचणी झाली, खड्ड्यात वाळू भरली, वर काँक्रीट ओतायला सुरुवात. जुनी माती ट्रकमध्ये भरून भट्टीत भाजायला, पेट्रोल जाळून काढायला पाठवली, लांब कुठेतरी. मॅडम जरा कचरत होत्या, पण म्हणाल्या, नमुने आपल्या हातात आहेत, अडवायचं कशाला.

मी ट्रकला हात केला. मालक समजतोय पुरावा गेला. हसू दाबताना ठसका लागला. मालक म्हणाले, ह्याला पाणी द्या कुणीतरी. किती गोड बोलतो बघा!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मसुदा बदलला. आता कोण चोर, हे बाजारू वाटतं. त्याऐवजी काहीच बोलायचं नाही, नुसता कागद पुढे करायचा. मालक वाचतील. पाय लटपटतील. मग मी पाठ फिरवून चालू लागणार. मागून हाक येईल, भिंगरी, अरे थांब. थांबायचं नाही. फार तर कोपऱ्यावर एकदा.

आत्या आज बाजारात जाताना शाळेमागून गेली नाही. मी खिडकीतून बघत होतो. सरळ नाक्यापर्यंत गेली, तिथून पंप दिसतो. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरून शाळेमागून गेली.

आल्यावर म्हणाली, कागद आला की जाऊ.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार

कागद आला.

मॅडम वाचत होत्या. काका आणि मी समोर. मॅडमचा चेहरा एकदम उतरला. म्हणाल्या, हे कसं शक्य आहे, साक्षीदारात पेट्रोल? आणि एवढं?

मी उभा राहिलो. हीच वेळ होती. म्हटलं, शक्य आहे मॅडम, कारण मीच भरलं!

आणि सगळं सांगितलं. खुळखुळ, पांढरी वाळू, मालकाचा डाव, नवे मोजे. नव्या मोज्यांवर जोर दिला.

काका खुर्चीवर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. हळू आवाजात, लहान मुलाला सांगतात तसं, ते जास्त लागलं. साक्षीदार बरणीत लॅबच स्वच्छ वाळू भरून देते. ती बाकीच्या बरण्यांसोबत जाते, सोबत परत येते, कुणी उघडायची नाही. तिचं काम एकच, स्वच्छ राहणं. ती स्वच्छ परत आली तर समजायचं बाकीच्यांत जे सापडलं ते मातीतलंच. तिच्यात पेट्रोल निघालं तर मग ते कुठूनही आलेलं असू शकतं, हातातून, गाडीतून, पेटीतून. मग एकाही बरणीवर विश्वास ठेवता येत नाही.

अकराच्या अकरा रद्द. कागदावर शिक्का आहे. खाली लिहिलंय, निष्कर्ष काढता येत नाही.

मी म्हटलं, पण तीन नंबरखालची बरणी? मॅडम म्हणाल्या, तिच्यात तर इतकं होतं की आणखी कशाची गरजच नव्हती.

गरजच नव्हती.

मी म्हटलं, लॅबला सांगा ना, मी भरलं म्हणून. त्या म्हणाल्या, काय सांगू, आमच्या माणसाने बरणी उघडली? का उघडली विचारतील. का उघडलीस तू? मालकावर एवढा संशय कशासाठी?

मग पंपाची गोष्टही सांगावी लागली. काठी, चोर, आत्या. मॅडमनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, म्हणजे ज्याला चोरीवरून काढलं त्याच पंपाचे नमुने त्याच माणसाने भरले, आणि एका बरणीत माती बदलली? आता हे कुणालाही मुद्दाम केल्यासारखंच दिसेल.

आधी पेट्रोलचा चोर होतो. आता मातीचाही.

माती परत घ्यायची तर ती भट्टीत भाजून झालीय. वर एक वीत काँक्रीट. मॅडम म्हणाल्या, ऑफिस ऐकणार नाही, सोमवारपासून येऊ नकोस. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी प्यायलं आणि लक्षात आलं नाही.

काका बाहेरपर्यंत आले. म्हणाले, पोरा, अकरा बरण्या सोन्यासारख्या भरल्यास. आणि बाराव्या वेळी माती खाल्लीस.

त्याच दिवशी, सात वाजता

आत्याला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. म्हणाली, जेवून घे.

यंत्र आज चालू झालंच नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

शांतपणे विचार केला. माझी चूक नाही.

चूक नावाची. ज्याने बोलायचं नाही, नुसतं कोरं बसून राहायचं, त्याला साक्षीदार कसं म्हणता? पाहुणा म्हणा. जावई म्हणा. मी कशाला हात लावला असता?

चूक काकांची. चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात "उघडू नये" लिहायला काय झालं होतं? (लिहिलं होतं, असं मॅडम म्हणाल्या. झाकणाच्या पट्टीवर. ती पट्टी मीच काढली. पण घाईत कोण पट्ट्या वाचतं?)

सगळ्यात मोठी चूक त्या सायकलवाल्याची. एवढा आरसा भर रस्त्यातून न्यायचा कशाला?

आणि मूळ चूक मालकाची. आता साधा सूड पुरणार नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

सूड क्रमांक दोन: मालकाविरुद्ध तक्रारअर्ज. सविस्तर, मुद्देसूद, चार पानी. सुरुवात केली: महोदय.

महोदय नंतर स्वल्पविराम की काही नाही?

उद्या बघू.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चहाच्या टपरीवर काका भेटले. उभेच. दुसऱ्या साइटवर चाललेत, नवीन हाताखालचा माणूस घेऊन, तो म्हणे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो. काका कंटाळलेत. मला बरं वाटलं.

काकांनी पंपाची बातमी आणली. गिरमिटाचा एक दांडा तिथे राहिला होता, तो आणायला गेले होते. नवे पाइप टाकल्यापासून काठी बरोबर लागतेय. विकलं तेवढंच कमी. एक लिटर इकडचं तिकडे नाही. मालक आता स्वतः डिप घेतात, दिवसातून चार वेळा, आणि काठी मांडीवर ठेवून कठड्यावर बसून राहतात. काकांना विचारत होते, तो जॉइंट किती वर्षं गळत असेल हो? काका म्हणाले, तीन तरी. मालकांनी म्हणे काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, तीन वर्षांत मी तीन पोरं काढली, ह्याच कारणावरून.

तीन! म्हणजे माझ्याशिवाय आणखी दोघं. मला वाटत होतं वैर फक्त माझ्याशीच आहे. जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

काका म्हणाले, कळतंय का तुला, ह्याचा अर्थ काय ते? मी म्हटलं, चांगलं कळतंय. मालक हिशेब जुळवतोय, म्हणजे माझ्यावर दावा लावणार. रिपोर्ट रद्द झाला, त्याचं परवान्याचं काम अडलं, नवं काँक्रीट भोक पाडून परत तपासावं लागणार, ते सगळं माझ्या डोक्यावर. काका माझ्याकडे बघत राहिले, मग कप ठेवून निघून गेले. त्यांनाही पटलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

निर्णय पक्का. शहर सोडायचं. बंदरावर जाऊन क्रेन शिकणार. पाच वर्षांनी मोठा ऑपरेटर होऊन परत येईन, आणि कधीतरी मालकाची गाडी माझ्या आकड्याला लागेल. वर उचलायची. बराच वेळ खाली ठेवायची नाही. भरपूर उंचावर, वाऱ्यात, हेलकावे खात. हाच खरा सूड, ह्याला लॅब लागत नाही.

शनिवारची अडीचची बस. आत्याला अजून सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. ती म्हणाली, जा. तू कुठे टिकलायस?

मग चष्मा पुसत म्हणाली, मी कधी विचारलं नाही तुला, घेतलंस का म्हणून. दोन वर्षं. विचारायला हवं होतं.

मी म्हटलं, मग आता विचार.

म्हणाली, आता काय विचारू, आता माहीत आहे. मी म्हटलं, कागद तर रद्द झाला. ती म्हणाली, मला कागद कशाला लागतो? लोकांना लागतो.

हे तिने दोन वर्षांपूर्वी बोलायला काय हरकत होती? पण बोललो नाही. ती उद्याचा डबा करायला उठली होती. आणि माझं नाक चोंदलंय. हवा बदलतेय.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी सव्वाचार

बस अडीचची होती. दोनला निघालो, नाक्यापर्यंत गेलो. पंप चालू झालाय. तीन नंबरच्या मशीनवर नवा मुलगा उभा होता, माझ्या जुन्या टोपीत, निदान तसल्याच टोपीत. त्याला सांगावंसं वाटलं की बाबा रे, आता इथे काठी बरोबर लागते, तू वाचलास. मग वाटलं, मी कोण सांगणारा? मी तिथे पिशवी घेऊन उभा. ह्या हातातून त्या हातात. मग शाळेमागून वळसा घालून घरी आलो. अडीच वाजून गेले होते.

आत्याने दार उघडलं. डबा परत घेतला, गरम करून समोर ठेवला. जेवलो. मग वर येऊन बसलो.

काम नाही, बस नाही, कागद नाही. सूडसुद्धा मीच वाया घालवला. साधं गप्प बसायचं होतं. वाळूसारखं. ते एक जमलं असतं तर आज आत्या नाक्यावरून सरळ गेली असती.

डोळ्यांत काहीतरी गेलंय. खिडकीतून धूळ येते. खिडकी बंद आहे, पण फटी आहेत.

नवे संकल्प उद्या. उद्या एक तारीख आहे, सुरुवात करायला बरी.

खाली गाडी थांबली. आत्याच्या गिऱ्हाइक बाई असतील, ब्लाउज न्यायला.

बाई नाहीत. पुरुषाचा आवाज. आत्या मोठ्याने म्हणतेय, बसा ना, बसा. तो म्हणतोय, नको, उभाच बरा.

आत्याची हाक. अरे, ऐकतोस का? आधी त्या दुसऱ्या काढलेल्या दोन पोरांच्या घरी जाऊन आलेत म्हणे, आपलं घर सापडत नव्हतं. शेजारणीलाही बोलावून घ्या म्हणतात, जे बोलायचंय ते चार लोकांसमोर बोलायचंय. पंपाचे मालक आलेत. तोंड धुऊन खाली ये.